काचवाल्या काकाजींना, जुन्या शेवरोलेच्या दारापायी

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

१९५१ च्या शेवरोले पिकअपची दोन्ही दारं तुमच्यामुळे आता हँडल दोन बोटांनी फिरवलं की काच वर घेतात. आभार असे चारचौघांत मांडायचं कारण एवढंच, की आपल्या भागात अशा जुन्या गाड्या अजून उभ्या आहेत आणि कित्येकांच्या दारात काचेच्या जागी प्लायवूड ठोकलेलं आहे. तुम्ही भर उन्हात उभं राहून दाखवलं ते त्यांच्याही कामी यावं.

काच आणली का, हे तुम्ही विचारलंच नाही. आधी दाराच्या खालच्या काठावरची पाणी निघायची भोकं पाहिली. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू मिळून दाराच्या तळाशी ढेपेसारखा थर बसतो, पावसाळाभर तो ओला राहतो आणि पत्रा आतून सडतो. मग चॅनेलचा, म्हणजे काच सरकते त्या खाचेच्या पट्टीचा, खालचा आधार सैल होतो, काच तिरपी चालते आणि एक दिवस कोपऱ्यातून तडकते. लोक काचेला दोष देतात. सायकलच्या स्पोकने भोकं मोकळी करून, तळ खरवडून, रेड ऑक्साइड वाळू दिल्याशिवाय तुम्ही पुढे सरकू दिलं नाही, हे पहिले उपकार.

दुसरे उपकार बोटं वाचवल्याचे. काच उचलायच्या मशीनमध्ये घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि ती काचेचं वजन तोलून धरते. वजन निघालं की मशीनचा हात वर झेपावतो. म्हणून काच सोडवायच्या आधी मशीनचा हात शिकंज्यात धरायचा, आणि स्प्रिंग उलगडायच्या भानगडीत पडायचंच नाही. दातांत जुनं ग्रीस खडीसारखं झालेलं असतं, ते डिझेलने धुऊन नवं लावलं की पुरे.

काचेबद्दल तुम्ही ठाम होता. घराच्या खिडकीची काच नको, फुटली तर सुरी होते. टफन काच एकदा भाजली की कापता येत नाही, कापायला गेलं की भुगा. या दाराची काच सपाट आहे, त्यामुळे लॅमिनेटेड घेऊन इथंच कापता येते: तीन मिलिमीटरच्या दोन काचा, मधे ०.३८ मिलिमीटरचा प्लास्टिकचा पडदा, म्हणजे जुन्या पाव इंचाच्या जवळपास. रंगीत काच घ्यायचा मोह होतो, पण बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा असा मोटार वाहन नियम आहे. साधी पांढरीच बरी.

ती कापताना पाहणं हाच एक धडा होता. एका बाजूने हिरकणीची रेघ, काच उलटून नेमकी त्याच रेघेवर दुसरी रेघ, दोन्हीकडून हलकेच मोडली, तरी तुकडे सुटेनात. मधला पडदा धरून बसलेला. तुम्ही फटीत स्पिरिटचे चार थेंब सोडून काडी लावली, निळी ज्योत धावत गेली, पडदा डिंकासारखा ताणला आणि ब्लेडने सर्रकन तुटला. मग कडा ओल्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या. धारदार कड राहिली तर तिथूनच पुढे चीर चालते.

काचेच्या खालच्या कडेला मशीन धरते त्या लोखंडी पट्टीत काच बसवताना बहुतेकांचं बिघडतं. आपल्याकडे सर्रास सायकलची ट्यूब दुमडून घालतात. एकीकडे दुहेरी, एकीकडे एकेरी, म्हणजे दाब एकाच जागी. तुमचा हिशेब सोपा: पट्टीची आतली रुंदी ९.५, काच ६.४, उरले ३.१, त्याचे निम्मे दीड, म्हणून १.६ मिलिमीटरची सलग रबर टेप. काच बारदान्याच्या घडीवर उभी, टेपेला साबणाचं पाणी, पट्टीवर लाकडाची फळी आणि एका टोकापासून रबरी हातोडीने टकटक. मधोमध ठोकलं की गेली. तेल किंवा ग्रीस चुकूनही नको, रबर फुगतं. आंबट वास येणारं सिलिकॉनही नको, लोखंड गंजतं आणि लॅमिनेटेडचा पडदा कडेने पांढरा पडतो. पट्टी काचेच्या मागच्या कडेपासून जुन्या अंतरावरच यायला हवी. सरकली तर मशीन काच एका बाजूने उचलते.

बसवायचा क्रम असा: आधी मागचं आणि वरचं मखमली चॅनेल, कोपऱ्यात वळणावर नुसती आतली कड कापून. स्क्रूची डोकी मखमलीत बुडालेली हवीत, नाहीतर काचेवर उभी रेघ उमटते. मग काच पुढचं टोक खाली करून दारात सोडायची आणि तळाशी टेकवायची. त्यानंतर पुढची तिकोनी काच तिच्या उभ्या दांड्यासकट. (ही तिकोनी काच १९५१ पासून आली, त्याआधीच्या दाराचा फर्मा, म्हणजे काच कापायचा नमुना, इथं चालत नाही.) सगळे स्क्रू सैल ठेवून काच पूर्ण वर, तिथं दांड्याचा वरचा भाग आवळायचा. काच पूर्ण खाली, मग दांड्याच्या बुडाचा बोल्ट. वर घट्ट आणि खाली ढिली लागली तर बुडाचा बोल्ट पुन्हा सैल करून दांडा मागे घ्यायचा, हँडलला जोर लावायचा नाही. कमरपट्ट्याची, म्हणजे काच दारात शिरते त्या फटीची, रबरं काच तळाशी असताना दाबायची आणि शेवटी आतल्या पत्र्यामागे पॉलिथिन.

तांब्याभर पाणी काचेवर ओतून पाहिलं. ते दारात गेलं, भोकांतून खाली आलं, तसंच व्हायला हवं. पांधणीनं जाताना काच पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली ठेवा, अर्ध्यावर ती हादऱ्यांनी खुळखुळते, हे तुमचं बजावणं चालवणाऱ्यालाही सांगून ठेवलं आहे.

दीड मीटर टेप उरली, ती पुठ्ठ्याच्या फर्म्यासोबत तुमच्या दुकानात ठेवून जातो आहोत. काच सपाट असल्यानं एकच फर्मा पालटून दुसऱ्या दारालाही चालतो, तसं त्यावर खडूनं लिहिलं आहे. कोणी शेवरोलेवाला आला तर द्यावा.

आपले,
गॅरेजातले आम्ही सगळे