उसाला संस्था आहे, ओतकामाला का नाही? उद्योगमंत्र्यांना शिरोलीतून खुलं पत्र

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री चालवतो, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. महिन्याला 150 टनाच्या आसपास माल, ट्रॅक्टरचे पार्ट, ब्रेक ड्रम, थोडं पंपाचं काम. वडील पॅटर्नमेकर होते, कोल्हापुरातल्या उद्यमनगरात सागवानाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, करायचे. पत्र लिहायची मला सवय नाही, त्यामुळं विषय इकडंतिकडं गेला तर सांभाळून घ्या.

निमित्त असं झालं की मध्यंतरी एका हॉटेलात इनोव्हेशनवर सेमिनार होता, आम्हाला पण बोलावलेलं. दोन तास स्लाइड बघितल्या, सिलिकॉन व्हॅली, स्टार्टअप, इकोसिस्टिम, आणि शेवटी समोसा. शेजारी आमच्यातलेच एक जुने मोल्डर बसले होते, हयात गेली त्यांची वाळूत, ते हळूच म्हणाले, "मग आमी इतकी वर्षं काय करत हुतो?" मला हसू आलं पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जॉबला अचानक पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी बारीक भोकं, यायला लागले. मशीनिंगला गेल्यावरच दिसायचे, तोपर्यंत सगळं झकास. शंभरातले तीस-पस्तीस पीस रिजेक्ट. वाळूचं मॉइश्चर बघितलं, वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती बदलली, पोरिंग टेंपरेचर वाढवलं, साच्यातल्या धातूच्या वाटा, रनर-रायझर, पुन्हा काढल्या, काही फरक नाही. एका लॅबला सॅम्पल पाठवलं, बारा दिवसांनी रिपोर्ट आला की सगळं लिमिटमध्ये आहे. आणि मग संध्याकाळी चहाच्या टपरीवर दुसऱ्या फाउंड्रीचा मेल्टर (भट्टीवर धातू वितळवणारा) भेटला, म्हणजे ज्या फाउंड्रीशी माझी दोन जॉबवर सरळ सरळ स्पर्धा आहे तिथला माणूस, त्यानं पीस हातात घेऊन उजेडाकडं धरला आणि विचारलं, "कार्बुरायझर बदललास काय रं?" बदलला होता. कार्बुरायझर म्हणजे वितळलेल्या लोखंडात कार्बन वाढवायला टाकतात तो माल. किलोमागं चार पैसे वाचतात म्हणून स्वस्तातला घेतला होता, त्यात नायट्रोजन जास्त, तो लोखंडात विरघळतो आणि ओतलेला माल थिजताना बुडबुडे होऊन बाहेर पडायला बघतो. रिपोर्टात सगळं लिमिटमध्ये कारण त्यात नायट्रोजन मोजलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी जुना कार्बुरायझर आणला, विषय संपला. फी एक कटिंग.

आता यात दोन गोष्टी आहेत साहेब, आणि माझं सगळं पत्र या दोन गोष्टींवरच आहे. एक म्हणजे त्या मेल्टरनं मला का सांगितलं? कारण त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याच्या फर्नेसची कॉइल गेली तेव्हा त्याचे मोल्ड माझ्याकडच्या मेटलनं भरले होते. त्याचा भाऊ माझ्या मशीनशॉपवाल्याकडं कामाला आहे. 2019 च्या पुरात हायवे पाण्याखाली होता, ट्रक अडकून पडलेले, तेव्हा ज्याच्याकडं जे शिल्लक होतं ते एकमेकांना देऊन भट्ट्या चालू ठेवल्या. इथं पॅटर्नशॉप, कोअरशॉप, फेटलिंगवाला, हीट ट्रीटमेंट, सीएनसी, पेंटिंग सगळं पाच-दहा किलोमीटरच्या आत आहे, माणूस एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नोकरी बदलतो आणि डोक्यातलं ज्ञान बरोबर नेतो, मालक दोन दिवस शिव्या घालतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याकडचा माणूस उचलतो. सेमिनारमध्ये यालाच नेटवर्क म्हणत होते बहुतेक.

आणि हे आजचं नाही. किर्लोस्करवाडी 1910 ची, लोखंडी नांगर तिथं बनायला लागले. इकडं शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, 1906 मध्ये सूतगिरणी काढली, पुढं राधानगरी धरणाचं काम सुरू केलं. पाणी आलं तसा ऊस वाढला, नदीवरून पाणी उचलायला आणि गुऱ्हाळाचा चरका फिरवायला ऑइल इंजिनं आली, बहुतेक विलायती. ती बिघडायची, स्पेअर पार्ट बोटीनं येणार कधी, मग इथल्या मिस्त्री लोकांनी पार्ट बघून बघून ओतले, पुढं अख्खं इंजिनच इथं बनवलं. शिक्षण बेताचं, पण हातात जादू. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला हे तर सगळ्यांना माहितीये. नंतर विजेचे पंप आले, ऑइल इंजिनचा धंदा बसला, तेव्हा हीच मंडळी पुण्याच्या गाड्यांच्या कारखान्यांचं ओतकाम करायला लागली. आज कोल्हापूर-सांगली पट्ट्यात 300 च्या आसपास फाउंड्र्या आहेत. यातलं कुठलंही वळण मंत्रालयातून ठरलेलं नव्हतं, पण पाणी, रस्ता, प्लॉट हे सरकारनं दिलं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे टपरीची पण एक लिमिट असते. त्या मेल्टरला नायट्रोजन मोजता येत नव्हता, त्यानं पूर्वी कधीतरी मार खाल्लेला म्हणून ओळखला. जो त्रास आजवर कुणालाच झालेला नाही त्याचं उत्तर टपरीवर कुठून मिळणार? आणि आता तोच त्रास येऊ घातलाय. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही, फ्लायव्हील नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. ट्रॅक्टर अजून काही वर्षं तारेल म्हणा, पण त्याच्या जीवावर 300 फाउंड्र्या किती दिवस बसणार. ज्यांना पुढं जायचंय त्यांनी पातळ भिंतीचं एसजी आयर्न, म्हणजे साध्या बिडापेक्षा चिवट ओतीव लोखंड, शिकायचं, ॲल्युमिनियमकडं जायचं, ओतण्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघायचं. या सॉफ्टवेअरचं लायसन माझ्यासारख्याला परवडत नाही आणि परवडलं तरी ते चालवणारा पोरगा माझ्याकडं वर्षभर टिकत नाही, पुण्याला जातो. जाऊ दे, त्याचा पण संसार आहे.

आपल्याच राज्यात उसाचं काय आहे बघा. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र 1932 पासून आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 मध्ये सहकारी कारखान्यांनी स्वतः उभी केली, गाळपाच्या टनामागं 1 रुपया तिकडं जातो. त्यातल्या राजकारणात मी पडत नाही, मला तेवढं कळत पण नाही, पण शेतकऱ्याच्या उसाला हुमणी लागली, तांबेरा पडला, कारखान्याची रिकव्हरी घसरली तर विचारायला एक जागा आहे, जिथं पगारी माणूस बसलाय आणि त्याचं कामच ते आहे. कारखानदार आपापसांत कितीही भांडोत, ती जागा सगळ्यांची. आमच्या गावकीतलं हे मॉडेल आहे, त्यासाठी कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. मग ओतकामाला अशी जागा का नाही?

फाउंड्रीचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची मोठी संस्था 1966 मध्ये निघाली ती रांचीला. तेव्हा तिथं अवजड उद्योग उभे राहत होते, बरोबरच होतं. पण रांचीहून कोण येणार आमच्या टपरीवर? इथं शेजारी सांगलीचं वालचंद कॉलेज 1947 पासून आहे, कोल्हापुरात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, विद्यापीठ 1962 पासून आहे, आणि मी एवढ्या वर्षांत एकाही प्राध्यापकाला भट्टीपुढं घाम गाळताना बघितलं नाही. त्यांचा दोष नाही, त्यांचं प्रमोशन पेपर छापून होतं, माझे पिनहोल घालवून होत नाही. कोइमतूरला बघा, तिथं पीएसजीची इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट 1926 मध्ये निघाली, वर्कशॉप आणि शिक्षण एकाच आवारात, पंप आणि विजेच्या मोटारी तिथंच बनायच्या आणि पोरं तिथंच शिकायची. छोट्या उद्योगांसाठी सिटार्क नावाचं टेस्टिंग सेंटर पण आहे त्यांच्याकडं. देशभर कोइमतूरचे पंप दिसतात ते काय उगाच नाही.

तुम्ही म्हणाल क्लस्टर योजना आहे की, एका भागातल्या उद्योगांनी मिळून वापरायचं कॉमन फॅसिलिटी सेंटर काढा, अनुदान घ्या. साहेब, मी अशी एक जागा बघून आलोय, नाव घेत नाही. बिल्डिंग एकदम देखणी, फीत कापलेल्याचा फोटो दारातच, आणि आत लाखोंचं मशीन प्लॅस्टिकच्या कव्हरखाली. विचारलं का बंद, तर म्हणे ऑपरेटर सोडून गेला, नवीन परवडत नाही. योजनेत मशीनला पैसे मिळतात, मशीन चालवणाऱ्याच्या पगाराला मिळत नाहीत. सगळी मेख इथं आहे. ज्ञान माणसाबरोबर फिरतं हे मघाशी सांगितलंच, आणि तुमची योजना त्या माणसालाच मोजत नाही.

जर्मनीतल्या स्टुटगार्टची एक गोष्ट वाचलेली, तुम्हाला आवडेल. आज तिथं मर्सिडीज आणि बॉश आहेत, पण दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो गरीब मुलूख होता, लोक पोटासाठी अमेरिकेला जायचे. तिथं स्टाइनबाइस नावाचा सरकारी अधिकारी होता, तो परदेशातली प्रदर्शनं फिरायचा, चांगली यंत्रं आणि नमुने विकत घ्यायचा आणि स्टुटगार्टला आणून मांडून ठेवायचा, कारागिरांनी यावं, बघावं, शिकावं, स्वतः करावं. कारागिरांच्या पोरांसाठी शाळा काढायच्या मागं लागला. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, तर बहिणीकडून एवढं तरी उचलू.

मागणी सांगतो, लांबण लावत नाही. कोल्हापुरात ओतकामाची एक संस्था, नवी बिल्डिंग नको, एमआयडीसीतली एखादी रिकामी शेड चालेल. त्यात आठ-दहा पक्के पगारी लोक, मेटलर्जिस्ट, सिम्युलेशनवाला, वाळूचं कळणारा, आणि एक तरी असा जुना मेल्टर ज्याच्याकडं डिग्री नाही पण डोळा आहे. त्यांनी अर्धा वेळ आमच्या शेडमध्ये फिरायचं. कॉलेजच्या प्राध्यापकाला तिथं वर्षभर काम केलं तर प्रमोशनला गुण धरायचे. खर्चाचं म्हणाल तर आम्ही पण देऊ, फुकट नको. 300 फाउंड्र्यांनी सरासरी महिन्याला 5000 रुपये दिले तरी 15 लाख होतात, माझा महिन्याचा चहा-नाश्त्याचा खर्च त्या 5000 पेक्षा जास्त आहे. तेवढेच सरकारनं घालायचे, दहा वर्षं, मधे सरकार बदललं तरी. दहा वर्षं म्हणतोय कारण तीन वर्षांत फक्त फर्निचर येतं. आणि कारभार फाउंड्रीवाल्यांच्या हातात, अध्यक्षपद कुणाच्या जावयाला नको. हे शेवटचं गमतीत घेऊ नका.

आमच्यातले काही मालक दरवेळी वीज महागली की कर्नाटकात जायची भाषा करतात, कागलच्या पलीकडं गेलं की हद्द संपते, बेळगाव दोन तासांवर, तिथं पण फाउंड्र्यांचा मोठा पट्टा आहे. विजेचं तुम्ही बघालच, पण मी का गेलो नाही तर तिथं मला ती टपरी मिळणार नाही म्हणून. या टपरीला एक लॅब जोडून द्या एवढंच मागतोय.

जमलं तर एकदा या, हार-तुरे नकोत, दुपारी चारनंतर या, तेव्हा पोरिंग चालू असतं. फक्त टेरिकॉटचे कपडे नको, सुती घालून या, ठिणग्या उडतात.

आपला,
शिरोलीतला एक फाउंड्रीवाला