बीपीवाल्यांनो, शुगरपण बघा

संपादक साहेब, आमच्या मालवणात बीपी म्हणजे मिठाचं दुखणं नि शुगर म्हणजे गोडाचं असं डोक्यात पक्कं बसलंय, त्यामुळे खारा बांगडा बंद केलेला माणूस शुगर कधी चेकच करत नाही. पण 2015 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 41 लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात वरचं बीपी 20 ने जास्त असलेल्यांना डायबेटिसचा धोका 58 टक्के जास्त दिसला. एकामुळेच दुसरं होतं असं नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही हां. तरी 2021 च्या मोठ्या अभ्यासात वरचं बीपी 5 ने उतरवल्यावर टाइप 2 डायबेटिसचा धोका 11 टक्के घटला, अर्थात बीपीच्या काही गोळ्यांनी उलट शुगर वाढते, म्हणून शेजाऱ्याची गोळी बघून आपली बदलू नये. आरोग्य केंद्रात बीपी बघताना शुगरपण बघायला सांगा.

– एक वाचक, मालवण