विकायची निकड असलेल्या माणसापर्यंत पोचताना

छत्रपती संभाजीनगर

प्रिय सुधाकर,

तुझं पत्र पोचलं. लातुरात एजंट दाखवतो ते प्रत्येक घर चढ्या भावाचं निघतं आणि खरोखर विकायची गरज असलेला मालक काही भेटत नाही, ही तुझी तक्रार. भेटणार कसा? असा मालक पाटी लावत नाही. गल्लीत चार लोक बोलतील याची त्याला धास्ती असते, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं की हे घर विकता येईल. कागद अडलेला असतो. वारसांची नावं लागलेली नसतात, बँकेचा बोजा असतो, बहीण सही करायला तयार नसते. तो भाव सोडतो तो या अडचणीपायी. म्हणून शोधायचं ते स्वस्त घर नव्हे, अडलेला पण सुटण्यासारखा कागद.

सगळ्यात जास्त काम आहे ते बाहेरगावी गेलेल्या वारसांकडे. आपल्याकडची निम्मी पोरं पुण्याला, कुणी हैदराबादला, कुणी परदेशात. आई-वडील गेले की घराला कुलूप लागतं. अंगणात गवत, दारात पडलेली बिलं, महावितरणचा मीटर पीडी केलेला, म्हणजे कायमचा तोडलेला, भिंतीवर घरपट्टीची नोटीस. अशी घरं गाडीतून दिसत नाहीत. एक वॉर्ड ठरव आणि सकाळी पायी फीर. घर नंबर, शेजारची खूण, फोटो एवढं वहीत घे. मग कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, पोस्टमन. त्यांना "विकायचंय का?" असं विचारू नकोस. "घरपट्टी कोण भरतं, दिवाळीला कोण येतं?" असं विचार, नाव आपोआप बाहेर येतं.

नाव तोंडी कळलं तरी कागदावर बघ. शहरात नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक, म्हणजे पीआर कार्ड. बाहेरच्या भागात सातबारा आणि ८-अ, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा. डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तिथल्याच 'आपली चावडी'वर चालू फेरफारांच्या, म्हणजे मालकाची नोंद बदलण्याच्या, नोटिसा दिसतात. वारस फेरफार असेल तर कुणाकुणाच्या सह्या लागणार याची यादीच हाती येते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट किंवा मिळकत नंबर टाकून जुने दस्त बघता येतात, सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा नोंदणीतला गोषवारा, काढता येते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मात्र घरपट्टीपुरता. तो दाखवून कुणी मालक म्हणवत असेल तर थांब.

वारसांच्या घरात नेहमी बिघडतं ते एकाच जागी: तू मोठ्या भावाशी बोलतोस, तो हो म्हणतो, इसार देऊन टाकतोस आणि मग बहिणी उभ्या राहतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानं मिळतो असं स्पष्ट केलं. लग्न होऊन गेली म्हणून ती सुटत नाही. त्यातून त्याच कायद्याचं कलम २२: मृत्युपत्राविना आलेल्या मिळकतीतला हिस्सा एका वारसाला विकायचा असेल तर बाकीच्या पहिल्या वर्गातल्या वारसांना (मुलं, पत्नी, आई असे जवळचे) तो घ्यायचा अग्रहक्क. एकट्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून भुलू नकोस. राहत्या घरातला असा हिस्सा परक्यानं घेतला तर त्याला त्यांच्यासोबत ताबा मागता येत नाही, वाटणीचा दावाच लावावा लागतो. आणि दिवाणी दावा किती वर्षं चालतो हे तुला सांगायला नको.

म्हणून पहिल्या भेटीतच सगळ्यांची नावं लिहून घे. जे हिस्सा सोडणार त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, नुसतं बाँडवर नोटरी केलेलं चालत नाही. नाहीतर सरळ सगळ्यांना खरेदीखतावर विकणारे म्हणून घे. मला हेच बरं वाटतं, कारण बहिणीच्या खात्यात तिचा चेक थेट जातो आणि कुरबुर मिटते. परदेशातल्या भावाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणायचं आणि इथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. शिवाय विकणारा अनिवासी असेल तर टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारात भरायच्या कराचा, हिशेब पार वेगळा. एरवी ५० लाख किंवा त्याहून जास्तीच्या व्यवहारात घेणाऱ्यानं १ टक्का कापायचा असतो, अनिवासी असेल तर रक्कम कितीही असो, कपात लागते आणि दरही बराच मोठा. इसाराआधी सीएला विचार, नंतर नाही.

भेटायचं केव्हा? आपल्याकडे महालक्ष्म्यांना सगळं घर गोळा होतं आणि जेवणं उरकली की "या घराचं काय करायचं" हा विषय निघतोच. पितृपक्षात लोक सौदा करत नाहीत पण बोलतात. म्हणून तुझं पत्र महालक्ष्म्यांच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांच्या पुण्याच्या पत्त्यावर पोचलेलं असावं. दसऱ्याला किंवा पाडव्याला इसार द्यायला कुणी नाही म्हणत नाही. मृत्यू ताजा असेल तर तेरावं होईस्तोवर त्या दाराकडे फिरकू नकोस, आणि त्यानंतरही काही महिने थांबलास तर चांगलं.

पत्र हातानं लिहिलेलं, एका पानाचं. छापील पत्रकं लोक एजंटाची समजून फेकतात. मजकूर साधारण असा ठेव:

"आदरणीय दादा, अमुक गल्लीतलं आपलं घर बंद असतं असं शेजाऱ्यांकडून कळलं. मी लातूरलाच राहतो, एजंट नाही. घर विकायचा विचार कधी झाला तर मला स्वतःसाठी घ्यायचं आहे. वारस नोंद किंवा घरपट्टीची बाकी असेल तर ते काम करून घेण्याची माझी तयारी आहे. विकायचं नसेल तरी हरकत नाही. खाली माझा नंबर आहे."

भाव लिहायचा नाही. "रोख देतो" तर मुळीच लिहायचं नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि पहिल्याच पत्रात रोखीचं नाव काढणाऱ्यावर शिकलेला माणूस विश्वास ठेवत नाही. स्पीड पोस्टानं पाठव, म्हणजे पोचल्याचं कळतं. आठ-दहा दिवसांनी एक फोन. उत्तर नाही आलं तर पुढच्या सणाला पुन्हा पत्र. बहुतेकांचा पहिला जबाब "नाही, आम्हाला ठेवायचंय" असाच येतो. त्यावर वाद घालू नकोस, नंबर त्यांच्याकडे राहू दे.

फोनवर "का विकताय?" हा प्रश्न शेवटी. आधी विचार की नाव कुणाचं लागलंय, आत कुणी भाडेकरू किंवा नातेवाईक आहे का, बोजा आहे का, पैसे कधीपर्यंत हवेत. शेवटचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. जूनमध्ये पोरीची फी भरायची आहे म्हणणाऱ्याला लाखभर कमी चालतात पण तारीख चुकलेली चालत नाही. दुसऱ्याला घाई नसते, त्याला फक्त सरकारी कचेरीच्या चकरा नको असतात. त्याला तारीख नको, माणूस हवा.

आता बँकेच्या अंगाचं. पेपरात छोट्या अक्षरातल्या जाहीर नोटिसा येतात त्या रोज वाच. घर-दुकानाच्या कर्जात हप्ते थकले की सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण मिळकत ताब्यात घेऊन विकायचा बँकांचा कायदा) बँक आधी कलम १३(२) ची नोटीस देते, त्यात ६० दिवसांची मुदत. मग १३(४) चा ताबा. त्याची नोटीस दोन पेपरांत यावी लागते, त्यातला एक स्थानिक भाषेतला. त्यानंतर ३० दिवसांची लिलाव नोटीस. लोक लिलावाकडे धावतात. माझं मत उलटं आहे. लिलावात बोली ठरली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी आणि उरलेली रक्कम साधारण १५ दिवसांत भरायची असते, आत राहणारा माणूस काढायचं काम पुष्कळदा तुझ्याच गळ्यात पडतं, आणि मूळ मालक तुझा जन्माचा वैरी. त्याऐवजी ताबा नोटीस आणि लिलाव नोटीस यांच्या मधल्या काळात मालकाला गाठ. त्याला लिलावाची बदनामी टाळायची असते आणि कर्ज फिटून चार पैसे उरले तर हवे असतात. कर्ज फेडून मिळकत सोडवायचा हक्क त्याला लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, त्यामुळे वेळ मोजका.

इथं नवखा माणूस हमखास फसतो. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मिळकत विकता येत नाही. म्हणजे मालकाच्या हातात इसार ठेवला तर तो पैसा दुसरीकडे जातो, बोजा तसाच राहतो. तिघांनी बसायचं: मालक, शाखाधिकारी आणि तू. बँकेकडून आजच्या तारखेची येणं रक्कम आणि भरल्यावर बोजा उतरवण्याची हमी लेखी घे, पैसे थेट कर्जखात्यात भर, मूळ दस्त आणि नाहरकत त्याच दिवशी हातात. पतसंस्थांना सरफेसी नाही. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला घेऊन वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्ती करतात, पण रीत तीच. शेतजमिनीलाही सरफेसी लागू नाही, म्हणून त्या नोटिसांत शेत सापडणार नाही.

एका प्रकारच्या स्वस्त मिळकतीपासून मात्र लांब राहा. ठेवीदारांचे पैसे बुडवलेल्या संस्थांच्या संचालकांची घरं-प्लॉट कुणीतरी गुपचूप दाखवतं. ती एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली जप्त असू शकतात, किंवा उद्या होतील.

हिशेबाचं एक उदाहरण. बाजारात ५५ लाखांचं घर, रेडीरेकनरनं (सरकारी दरानं) ५० लाख, मालक ४२ ला तयार. तुला वाटेल १३ लाख सुटले. पण मुद्रांक भरायचा तो ५० वर. आणि रेडीरेकनर तुझ्या खरेदीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला तर मधला फरक, इथं ८ लाख, तुझं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. ४६ ला घेतलंस तर ती भानगड नाही. थकलेली घरपट्टी, तिच्यावरची महिन्याला २ टक्के शास्ती, विजेची बाकी, वकील, दुरुस्ती आणि भाडेकरू मिळेपर्यंतचे रिकामे महिने हे सगळं आधी वजा कर. लातुरात शिकवण्यांच्या पोरांमुळे खोल्या भरतात खऱ्या, पण उन्हाळ्यात ओसही पडतात.

मराठवाड्याचे म्हणून काही कागद वेगळे बघावे लागतात. निजामाच्या काळच्या इनामी जमिनी, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम), खिदमतमाश (देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेलं), देवस्थान, वक्फ: सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीविना विकता न येणारी जमीन) किंवा इतर हक्कात तसा शेरा दिसला की परवानगी आणि नजराण्याशिवाय (सरकारला भरायची रक्कम) पुढं जाऊ नकोस; वक्फची जमीन तर विकताच येत नाही. जुना मुंतखब (इनामाचा दाखला) आणि १९५४ सालचं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) वकिलाकडून वाचून घे. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याखालचं संरक्षित कूळही, म्हणजे कायद्यानं हक्क राखलेला जुना कसणारा, असू शकतं. नांदेडच्या किनवटकडे आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला परवानगीविना घेता येत नाही. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना पाडलेला छोटा प्लॉट २००१ च्या कायद्याखाली नियमित झालेला असेल तर त्याचं प्रमाणपत्र बघ, नसेल तर बँक कर्ज देणार नाही आणि पुढं तुला विकतानाही तीच अडचण.

अजून एक. अडचणीतला शेतकरी "जमीन नावावर करून देतो, पैसे दिले की परत कर" म्हणत आला तर पैसे देऊ नकोस. २०१४ च्या सावकारी कायद्यात कर्जापोटी करून घेतलेलं खरेदीखत १५ वर्षं मागं जाऊन रद्द होऊ शकतं, शिवाय गुन्हा वेगळा. आणि खरं सांगू, रद्द झालं नसतं तरी तसलं घेऊ नये.

सौदा ठरला की साध्या इसारपावतीवर थांबू नकोस, साठेखत, म्हणजे पुढं खरेदीखत करून देण्याचा करार, नोंदव. त्यात सगळ्या वारसांची नावं, कोण कोणती बाकी भरणार, ताब्याची तारीख आणि कागद पुरे न झाल्यास इसार परत, हे लिही. त्याआधी वकिलाकरवी ३० वर्षांचा शोध अहवाल आणि पेपरात जाहीर नोटीस. हरकत आलीच तर ती याच वेळी आलेली बरी. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सगळ्या वारसांची नावं टाकून चालू दावा आहे का हे तुझं तूच बघू शकतोस, फुकट.

तू लिहिलेल्या त्या बंद वाड्याचं पीआर कार्ड काढून त्याचा फोटो पाठव. त्यात आजोबांचंच नाव असेल तर आधी किती वारस ते मोजू, मग पत्राचा मजकूर ठरवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश