क्योटोच्या घरी उतरण्यापूर्वी

क्योटो, २ मार्च

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमच्या मुक्कामासाठी माझ्या खोलीपासून जवळच एक माचिया भाड्याने ठरवली आहे. माचिया म्हणजे या शहरातले १९५० पूर्वीचे लाकडी राहते घर. रस्त्याकडून अरुंद, आत लांबलचक आणि शेजाऱ्याच्या घराला अगदी लागून. मालकीणबाईंनी पाठवलेले नियम वाचून बाबांना हे सोवळेच वाटेल. परंतु गवत, कागद आणि लाकूड यांनी बांधलेले घर टिकवायचे तर माणसाला जपूनच वावरावे लागते.

दारातून आत येताच जी खोलगट जागा लागते, तिथे बूट काढून थेट वरच्या फळीवर पाय ठेवावा आणि बुटांची टोके दाराकडे वळवून ठेवावीत. त्या खोलगट जागेत मोज्यांनी उतरू नये, कारण ती बाहेरचीच जमीन मानतात. लाकडी पडवीत सपाता चालतात, तातामीवर मात्र त्याही नाहीत. संडासातल्या सपाता वेगळ्या असतात. बाबा, रात्री झोपेच्या तंद्रीत त्या घालून बिछान्यापर्यंत येऊ नका.

तातामी म्हणजे लव्हाळ्यासारख्या गवताने विणलेली जाड बैठक. बॅगेच्या चाकांनी तिचे धागे तुटतात, म्हणून बॅगा उचलूनच आत न्याव्यात आणि जड बॅग दाराशीच ठेवावी. बैठकीच्या कापडी काठावर आणि सरकत्या दाराच्या उंबऱ्यावर पाय देत नाहीत. दारांना कागद लावलेला असतो व तो बोटाच्या धक्क्यानेही फाटतो, तेव्हा दार नेहमी लाकडी चौकटीला धरून सरकवावे.

आई, मुख्य खोलीत एक कोनाड्यासारखी उंच जागा दिसेल. तिथे एक लटकते चित्र आणि बहुधा एखादे फूल असते. ती पाहताच तुला देव मांडावेसे वाटतील, पण तिथे देव, पर्स, फोन यांपैकी काहीच ठेवायचे नाही आणि तिच्यावर बसायचेही नाही. निरांजन व उदबत्तीही या घरात नको. लाकडाच्या दाट वस्तीत आगीची धास्ती खरी आहे. १८६४ च्या आगीत या शहराचा मोठा भाग जळाला होता. तुझी पूजा माझ्या खोलीवर होईल, आणि फोडणीही तिथेच, कारण तेलाचा वास गवतात व कागदात मुरतो.

न्हाणीघरात टबाबाहेर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करावी आणि मग गरम पाण्यात केवळ शेकायला उतरावे. तेच पाणी पुढच्या माणसाला लागते, म्हणून बूच काढू नये, झाकण ठेवावे.

रात्रीचा आवाज ही मला सर्वांत नाजूक बाब वाटते. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेबारा झालेले असतात, आणि काकांचा फोन नेमका त्याच वेळी येतो. त्यांना आधीच सांगून ठेवावे. पहाटे निघतानाही गल्लीतून बॅगा ओढत नेऊ नयेत. ओला कचरा, प्लास्टिक आणि डबे-बाटल्या वेगवेगळ्या ठेवल्या की पुढचे मालकीणबाई पाहतात.

परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टाची नोंद घेणे येथे कायद्याने आवश्यक आहे. त्या मागतील तेव्हा संकोच वाटू देऊ नये. येण्याची वेळही त्यांना आधी कळवायची असते, तेव्हा विमानाचे तिकीट निघताच मला लगेच कळवावे.

तुमची लेक