सोयाबीन आमचं, मेणबत्ती पुण्याची

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडं वादळ सुटलं की पह्यले लाइन जाते अन् मग रात्रभर पत्ता नाही, परवा असंच झालं तं पुतणीनं पुण्याहून आणलेली सोया मेणबत्ती लावली, काचेच्या बरणीतली. काजळी कमी वाटली. हे मेण म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजन घालून घट्ट केलेलं, डालड्यासारखंच, म्हणजे माल आमच्याच वावरातला, कट्ट्यानं विकायचा अन् बरणीनं विकत घ्यायचा!

पण हे मेण 50 डिग्रीच्या आसपासच वितळते. गेल्या मे महिन्यात एक बरणी टिनाच्या खोलीत राहिली तं न लावताच पातळ झाली, वात तिरपी होऊन बुडाली. उजेड बी मेणबत्तीचाच, 12-13 ल्युमेन (उजेड मोजायचं माप), पोट्ट्यानं पुस्तक बरणीला टेकवलं तवा कुठं अक्षर दिसलं. शेवटी शेवटी बरणी इतकी तापली की हात लावता येईना, मी खाली कवेलूचा तुकडा सरकवला. गोठ्यात कुटार (वाळला भुसा) असते, तिथं नेऊच नका, चार्जिंगची बॅटरीच बरी.

लाइन कधी बंद राहणार तेवढं आदल्या दिवशी पेपरात छापत जा ना साहेब, बॅटरी तरी चार्ज करून ठेवू.

– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ