चिलरच्या पडद्यावर १८ अंश, टाकीत २५: पैसे परत मिळण्याबाबत

दिनांक: २८ एप्रिल २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘न्यूट, अ‍ॅक्सोलॉटल व शोभेच्या झिंग्यांसाठी’ म्हणून विकलेला मत्स्यटाकी-चिलर जाहिरातीप्रमाणे पाणी थंड करत नसल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मार्च महिन्यात मी हा चिलर ₹१४,५०० भरून मागवला. पावती, खोक्यावरच्या मजकुराचे फोटो आणि आपल्या ग्राहक सेवेशी झालेला सगळा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. ‘तुमचा प्रश्न सुटला असे गृहीत धरून तक्रार बंद करत आहोत’ हा निरोपही त्यातच आहे. प्रश्न सुटलेला नाही, म्हणून आता रीतसर पत्र.

आमच्याकडे एक अ‍ॅक्सोलॉटल आहे. रंगाने फिकट गुलाबी, म्हणून घरात त्याला पेढ्या म्हणतात. हा न्यूटचाच भाऊबंद, म्हणजे पाण्यात राहणारा, शेपटीचा, बेडकासारखा उभयचर प्राणी. त्याचं मूळ गाव मेक्सिको सिटीजवळचे सोचिमिल्कोचे कालवे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरचे. त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंश सेल्सिअसचं. विसापर्यंत तो निभावून नेतो, पण चोविसाच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. हे मी आपल्याला समजावून सांगावं असं नाही, कारण आपल्याच खोक्यावर त्याच्या चित्राखाली ‘१८° सहज’ असं छापलंय. पुढे ‘१०० लिटरपर्यंत’ हेही आहे. माझी टाकी ८० लिटरची.

यंत्र लावल्यावर दुसऱ्या दिवशी पडद्यावर १८.२ आकडा आला. घरात सगळे खूश. पण पेढ्या गांडूळ तोंडाजवळ नेलं तरी तोंड फिरवत होता. त्याचे कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक गळासारखं वळलेलं, आणि आठवड्याभरात एका कल्ल्यावर कापसासारखी पांढरी बुरशी. ही सगळी त्रासाची लक्षणं. म्हणून टाकीच्या दुसऱ्या टोकाला काचेचा थर्मामीटर सोडला. त्यावर २४.५ अंश. थर्मामीटरच चुकत असेल अशी शंका नको म्हणून तो बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून बुडवला. बरोबर शून्यावर आला. दुसरा थर्मामीटर आणून टाकीत सोडला, तोही चोवीस-पंचविसाच्या मधेच.

मग पडद्यावरचा १८ कुठला? आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर जे सांगितलं (फोन रेकॉर्ड होतो असं आपणच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा तपासून पाहा) त्यावरून उलगडा झाला. यंत्राचा सेन्सर आतल्या थंड ठोकळ्याला चिकटवलेला आहे. पाणी जिथे सर्वांत गार होतं, तिथलंच तापमान तो वाचतो. पंपाचा प्रवाह जरा मंदावला की ठोकळ्याजवळचं पाणी आणखी गारठतं आणि पडद्यावरचा आकडा आणखी देखणा होतो. म्हणजे पडदा आपल्या यंत्राचं तापमान दाखवतो, माझ्या टाकीचं नाही. तापाच्या माणसाच्या कपाळावर बर्फाची पट्टी ठेवायची आणि ताप पट्टीचा मोजायचा, असा हा प्रकार आहे. माझी मुख्य तक्रार हीच. यंत्र कमी ताकदीचं निघालं असतं तर निदान ते दिसलं असतं. इथे पडदाच सगळं ठीक आहे असं सांगत राहिला आणि मधल्या काळात प्राणी आजारी पडला.

आता ताकदीबद्दल. यंत्रावर ‘७० वॅट’ लिहिलंय. हा आकडा ते भिंतीतून किती वीज ओढतं याचा; पाण्यातून किती उष्णता उपसतं, याचा नव्हे. पेल्टियर पद्धतीच्या (कॉम्प्रेसरशिवाय, चकतीतून वीज सोडून तिची एक बाजू गार करणाऱ्या) यंत्रात या दोन्हींत बरंच अंतर असतं. खोली आणि पाणी यांच्या तापमानातला फरक वाढत जाईल तसा उपसा आणखी घटतो. उदार होऊन ३० वॅट धरू. ८० लिटर पाणी एक अंशाने उतरवायचं तर साधारण ९३ वॅट-तास उष्णता काढावी लागते. ठाण्यात एप्रिलमध्ये बंद खोलीत रात्रीसुद्धा ३१ अंश असतात. तिथून १८ वर यायचं म्हणजे १३ अंश, म्हणजे सुमारे १,२०० वॅट-तास. बाहेरून कणभर उष्णता आत आली नाही असं मानलं तरी चाळीस तास लागतील. आणि ती तर येतच राहते. माझ्या टाकीला एका अंशाच्या फरकामागे काचेतून नि पृष्ठभागावरून अंदाजे साडेचार वॅट आत येतात. १३ अंशांचा फरक टिकवायला जवळजवळ ६० वॅटचा उपसा हवा. ३० वॅटमध्ये फरक पडेल सहा-सात अंशांचा. एकतीसातून साडेसहा वजा केले की साडेचोवीस. थर्मामीटर काय दाखवत होता ते वर लिहिलंच आहे.

माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, ‘चाचणी: खोलीचे तापमान २५°’ असं आहे. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात वातानुकूलन नसलेली २५ अंशांची खोली कुठे आहे ते कळवावं. आम्ही सुट्टीत तिथेच जाऊ.

ग्राहक सेवेकडून आलेल्या सल्ल्यांविषयीही लिहायला हवं. पहिला सल्ला: झाकण काढा आणि पाण्यावर पंखा लावा. पंख्याने पाणी वाफ होऊन गार होतं, पण हवा कोरडी असेल तरच. नागपुरात उन्हाळ्यात कूलर चालतो आणि ठाण्यात तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो, ते याच कारणाने. आमच्या हवेत पंख्याच्या जोरावर पाणी फार तर सव्वीस-सत्ताविसापर्यंत येतं. आपलं यंत्र त्यापेक्षा तरी बरं. दुसरा सल्ला: टाकीत बर्फ टाका. दिवसातून चारदा पाच-पाच अंशांचे हेलकावे त्या जिवाला द्यायचे असतील तर चिलर कशाला हवा? तिसरा तर ऐकण्यासारखा: ‘थंडीत हे प्राणी कमी खातात, हे नैसर्गिक आहे.’ पडद्यावरच्या अठरावर आपल्या माणसाचाही विश्वास बसला होता, एवढाच त्याचा अर्थ.

सहा-सात अंशांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणू नये. १८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २५ अंशांच्या पाण्यात सव्वाआठ. म्हणजे उकाड्याने प्राण्याची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचं विषारी रूपातलं प्रमाणही, पाण्याचा सामू (पीएच) तोच असला तरी, दीडपटीहून जास्त होतं. बुरशीचं निमित्त तिथूनच.

आपल्या एका प्रतिनिधीने ‘असा प्राणी पाळणं कायद्यात बसतं का’ असा सूर लावला होता. असे विदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार पेढ्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर झालेली आहे. आणि ज्याचं चित्र खोक्यावर छापून माल विकायचा, त्याच्याच कायदेशीरपणावर तक्रारीच्या वेळी शंका काढायची, हे बरं दिसत नाही.

सध्या पेढ्या एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात, आमच्या झोपण्याच्या खोलीत, एसीखाली आहे. टबाशेजारी गोठवलेल्या बाटल्यांची पाळी लावून पाणी हळूहळू विसावर आणलं आहे. पशुवैद्यांच्या औषधाने बुरशी गेली, परवा त्याने गांडूळ खाल्लं. आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली झोपतो. एसीचं वाढलेलं बिल मी या पत्रात मागत नाही, पण ते आलेलं आहे.

माझी मागणी अशी: यंत्राची पूर्ण किंमत आणि परत पाठवण्याचा खर्च मिळावा. बदली यंत्र नको, कारण याच बनावटीचं दुसरं यंत्रही तेच करणार. पशुवैद्यांचं आणि औषधांचं ₹२,३०० चं बिल जोडलं आहे, तेही द्यावं. शिवाय संकेतस्थळावरची ‘१०० लिटर, १८° सहज’ ही ओळ काढून ३२ ते ३५ अंशांच्या खोलीत हे यंत्र किती लिटर पाणी किती अंशांपर्यंत उतरवतं ते ठळक छापावं, आणि टाकीत सोडता येईल असा वायरचा सेन्सर द्यावा. ही शेवटची गोष्ट फार खर्चाची नाही. तेवढी केली असती तर निदान यंत्र कमी पडतंय हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही, त्यामुळे मला कचरायचं कारण नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आजच नोंदवली आहे.

यंत्र मूळ खोक्यात भरून तयार आहे. आपला माणूस सायंकाळी सहानंतर कधीही येऊन नेऊ शकतो; येण्याआधी पावतीवरच्या क्रमांकावर फोन करावा.

आपला ग्राहक,
ठाणे (पश्चिम)

सोबत: पावती, खोक्याचे व माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानाचे फोटो, पडदा आणि थर्मामीटर एकाच चौकटीत दिसणारे फोटो, पशुवैद्यांचे बिल, पत्रव्यवहाराच्या प्रती