मीटर बदला, पण लाल दिव्याचा हिशेब दाखवून

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनं जून 2024 मध्ये जाहीर केलं. मग दारात येणाऱ्या मीटरचं नाव 'टीओडी मीटर' झालं, म्हणजे 'टाइम ऑफ डे', वापराच्या वेळेनुसार दर धरणारं. रिचार्ज नाही, बिल महिन्यानंच येतं, हे कबूल. पण अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवणारं आणि कार्यालयात बसून बंद करता येणारं यंत्र तेच. बारसं दुसऱ्यांदा झालं, बाळ तेच.

'नवं मीटर पळतं' ही तक्रार गावोगावी आहे. आमच्या मते मीटर सहसा पळत नाही, त्याची अचूकता एक टक्क्याच्या आसपास असते. तरीही बिल फुगतं, आणि ग्राहकही खोटं बोलत नसतो. घोळ बहुतेकदा न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीत, असतो. हे मीटर फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींचा प्रवाह मोजतं आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतं. ही सोय चोरी पकडण्यासाठी आहे. पण चाळीतल्या किंवा जुन्या सोसायटीतल्या मीटरपेटीत दहा-बारा काळ्या वायरींचा गुंता असतो. मीटर बदलणाऱ्यानं घाईत दोन घरांचे न्यूट्रल अदलाबदल करून जोडले, तर तुमच्या मीटरला फेज तुमची आणि न्यूट्रल शेजाऱ्याचा दिसतो. ज्या क्षणी ज्याचा वापर जास्त, तो दोन्ही मीटरांवर चढतो. दोन्ही घरांची बिलं वाढतात, आणि मीटर प्रयोगशाळेत नेलं की 'ओके' म्हणून परत येतं!

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. मेन स्विच चालू ठेवून घरातले सगळे सिंगल-पोल एमसीबी, म्हणजे फक्त फेज तोडणारे छोटे स्विच, पाडायचे. वीज मोजली जाताना लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा आता लुकलुकायला नको. लुकलुकला, तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल-पोल मेन स्विचही पाडायचा. आता थांबला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये, नाही थांबला तर मेनच्या मीटरकडच्या बाजूला, म्हणजे बहुधा मीटरपेटीतच. ही चाचणी मीटर बसवणाऱ्यानं जाण्यापूर्वी ग्राहकासमोर करावी, एवढीच आमची पहिली मागणी. ती होत नाही याचं कारणही उघड आहे. कंत्राटं एका मीटरमागे सुमारे 12 हजार रुपयांची आहेत आणि मोजणी होते ती बसवलेल्या मीटरांची. नीट जोडलेले न्यूट्रल कोण मोजतं?

मीटरची स्वतःची परीक्षाही घरी होते. मीटरवर '3200 इम्प/केडब्ल्यूएच' असं छापलेलं असेल, तर एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो. 1500 वॉटची किटली एकटी लावली, तर मिनिटाला साधारण 80 वेळा. फक्त त्याच वेळी डिस्प्लेवरचं व्होल्टेज वाचा. 230 ऐवजी 210 असेल, तर किटलीच कमी वीज खाते आणि मोजणी 67 च्या आसपास येते. हा हिशेब मीटरसोबत मराठीत छापून द्यायला खर्च तो किती?

टीओडीच्या सवलतीबद्दल थोडक्यात. 2025-26 मध्ये सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापराला युनिटमागे 80 पैसे सूट होती. गीझर आणि वॉशिंग मशीन मिळून रोज 2 युनिट त्या वेळेत नेले, तर त्या दरानं महिन्याला 48 रुपये वाचतात. त्या वेळेत घरी कोणी असेल तर.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक-हक्क नियमांत झालेली दुरुस्ती मात्र कामाची आहे. रीडिंगबद्दल तक्रार आली की पाच दिवसांत दुसरं मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने त्यावर वापर पडताळायचा. हे किती ग्राहकांना ठाऊक आहे? काउंटरवर 'आधी बिल भरा, मग बघू' हेच उत्तर मिळतं. हा नियम बिलाच्या मागच्या बाजूला छापा.

वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. पूर्वी तोडायला वायरमन यायचा, त्याला थांबवून पावती दाखवता यायची. आता कळ कार्यालयात आहे. नोटिशीची तारीख प्रणालीत नोंदल्याशिवाय ती कळ दाबताच येऊ नये, अशी व्यवस्था करा.

आणि मीटर बदलताना जुन्याचं अंतिम रीडिंग, नव्याचं सुरुवातीचं रीडिंग, दोन्हींचे क्रमांक आणि फोटो असलेला बदली अहवाल जागेवरच द्यावा. घर बंद असताना मीटर बदललं असेल, तर जुनं मीटर ग्राहकानं बघेपर्यंत भंगारात जाऊ नये. पहिल्या बिलावर वाद झाला, की दाखवायला हा अहवाल आणि जुनं मीटर यांच्याशिवाय दुसरं काहीच उरत नाही.

आपले,
महाराष्ट्रातील काही वीजग्राहक